डोळे तपासणी

गावात पिकाची आणेवारी काढतात. आमचे आप्पा उन्हाचीही काढायचे.

मे महिन्यात भर दुपारी ते द्राक्षबागेत शिरायचे. मांडवाखाली वाकून उभे राहायचे, जमिनीवर पडलेले कवडसे बघायचे आणि सांगायचे, “हितं तीन आणे हाय. त्या कडंला दोनबी न्हाई. तिकडच्या फुटी काढा.” मोकळ्या रानात बारा वाजता पडतं ते सोळा आणे ऊन. मांडवाखाली, पानांतून गळून जे खाली येतं, ते त्यातलं किती, एवढाच हिशोब. आणे 1957 सालीच सरकारजमा झाले, त्यांच्या जागी नवे पैसे आले. आप्पा शाळेत आणे शिकले होते. उन्हासाठी त्यांनी ते शेवटपर्यंत वापरले.

आमचा भाग तासगावचा. दीड एकर द्राक्ष, जात तास-ए-गणेश, वेली मांडवावर चढवलेल्या. ज्यांनी बाग बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. लोकांना वाटतं, ऑक्टोबरनंतर दिसतो तो घड तेव्हाच तयार होतो. तसं नाही. काडीच्या प्रत्येक पेरावर एक फुगीर कळी असते, तिला आम्ही डोळा म्हणतो. खरड छाटणीनंतर चाळीस-पन्नास दिवसांनी, म्हणजे मे संपता संपता आणि जूनमध्ये, या डोळ्याच्या आत घड धरतो. मोहरीहूनही बारीक. त्या दिवसांत काडीला ऊन मिळालं तर घड. नाही मिळालं तर घडाची बाळी होते, किंवा नुसती फूट निघते. पुढच्या फेब्रुवारीत गाडीत किती माल भरायचा, ते असं आठ महिने आधी उन्हानं ठरवलेलं असतं.

म्हणून आप्पांची आणेवारी. तिला घरात कुणी हसत नसे.

मी तिसरी-चौथीत असताना शाळेची सहल जवळच्या शेती संशोधन केंद्रावर गेली होती. तिथं ऊन मोजायचा काचेचा गोळा होता. मोसंबीपेक्षा थोडा मोठा, भरीव, लख्ख. त्याच्या मागं वाटीसारख्या पितळी चौकटीत जाड कागदाची पट्टी सरकवलेली. गोळ्यातून ऊन एका ठिकाणी गोळा होतं आणि पट्टी जळत जाते. सूर्य सरकेल तशी जळकी रेघ पुढं सरकते. ढग आला की रेघ तुटते. दिवस मावळल्यावर पट्टी काढायची आणि रेघ मोजायची, की आज इतके तास ऊन पडलं. मला ते जादूसारखं वाटलं. घरी येऊन मी आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “म्हंजे ऊन किती येळ पडलं ते कळलं. पर किती पडलं, ते कुठं कळलं?”

पुढं मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला आणि पुण्याला नोकरीला लागलो, तर काम नेमकं तेच मिळालं. ऊन किती पडलं ते मोजणारी यंत्रं तपासायची. सौर ऊर्जेच्या प्रकल्पांना आणि हवामान केंद्रांना लागणारं हे यंत्र म्हणजे पायरॅनोमीटर. एकावर एक दोन काचेच्या घुमट्या, आत काळी चकती. ऊन पडलं की चकती तापते, तापलेल्या आणि थंड भागातल्या फरकातून थोडीशी वीज तयार होते. अगदी थोडी. दर चौरस मीटरला 900 वॉट ऊन असेल, तर हातात येतात आठ-नऊ मिलिव्होल्ट. पण हे आठ-नऊ म्हणजे नक्की किती ऊन, ते यंत्राला स्वतःला ठाऊक नसतं. ते दुसऱ्या, आधी तपासलेल्या यंत्राशेजारी ठेवूनच ठरवावं लागतं.

आमचं काम गच्चीवर चालायचं. मधे संदर्भाचं यंत्र, शेजारी तपासायची. सगळी एका पातळीत, बुडबुडा बरोबर मधोमध. सगळ्यांच्या वायरी उत्तरेला. सकाळी काचा मऊ फडक्यानं पुसायच्या, आतली सिलिका जेल निळी आहे ना ते बघायचं, गुलाबी झाली असेल तर आत दमट झालंय म्हणून बदलायची. रात्रीचा आकडाही बघायचा. अंधारात शून्य यायला हवं, पण उघड्या आकाशाखाली काच थंड होते आणि यंत्र शून्याच्याही खाली दोन-चार वॉट दाखवतं. मग दिवसभर दर मिनिटाला सगळ्यांचे आकडे, आणि संध्याकाळी प्रत्येकाचा गुणक. आमचं संदर्भाचं यंत्र त्याहून वरच्या यंत्राशी ताडलेलं, ते आणखी वरच्याशी, असं करत ही साखळी स्वित्झर्लंडमधल्या दावोसला जाते. तिथं दर पाच वर्षांनी देशोदेशीचे लोक आपापली यंत्रं घेऊन जमतात आणि एकाच सूर्याखाली ती ओळीनं मांडून ताडून बघतात. आपल्याकडं ही घडी बसवली अ‍ॅना मणी यांनी. पुण्याच्या हवामान खात्यात राहून, 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्तानं, देशभर ऊन मोजायची केंद्रं त्यांनी उभी केली. त्यांचं नाव आमच्या साहेबांच्या तोंडी सारखं असायचं. आणे गेले त्याच वर्षी देशभर ऊन मोजायला लागले, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

हे सगळं सांगायचं कारण, मला माझ्या कामाचा ताठा होता. साधासुधा नाही, चांगलाच.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दोन्ही डोळ्यांत. रात्री मोटारसायकलचा दिवा समोर आला की ते हात आडवा धरून उभे राहायचे. आईला म्हणायचे, “सगळं धुक्यात बघितल्यागत दिसतंय.” दिवाळीला मिरजेला नेऊन ऑपरेशन करायचं ठरलं होतं. मी मे महिन्यात आठ दिवसांची रजा काढून गावी आलो. पिशवीत लक्समीटर होता. नवा घेतलेला, हातात मावणारा, वायरीच्या टोकाला पांढऱ्या टोपीचा सेन्सर. उजेड किती ते लक्समध्ये दाखवतो.

त्या वर्षी मजुरी वाढली होती आणि माणसं मिळत नव्हती. विरळणी नीट झाली नव्हती. एका वेलीवर तीस काड्या ठेवायच्या तिथं चाळीस-पंचेचाळीस राहिल्या होत्या. आप्पा मांडवाखाली उभे होते. म्हणाले, “काळोख झालाय. फुटी काढाय पायजेत. आठ बायका लाव दोन दीस.”

मी सेन्सर ओलांड्याजवळ धरला. आकडा आला 9,600.

हा आकडा मला भरपूर वाटला. का, तेही सांगतो. आमच्या कंपनीत टेबलावर 500 लक्स उजेड असला की बारीक सोल्डरिंगचं काम आरामात होतं. घरातल्या खोलीत रात्री दीडशे-दोनशे असतो. इथं 9,600. टेबलाच्या एकोणीसपट उजेड, आणि आप्पा म्हणतात काळोख!

मी हसलो. म्हणालो, “आप्पा, अंधार न्हाई इथं. तुमच्या डोळ्यांमुळं तसं वाटतंय तुम्हाला.”

ते माझ्याकडं बघत राहिले. बघत म्हणजे, मी ज्या बाजूला उभा होतो त्या बाजूला. मग यंत्राकडं हात करून म्हणाले, “त्यात किती आलंय?”

“साडेनऊ हजार.”

“साडेनऊ हजार म्हंजे लई?”

“लई.”

“मग आसंल बाबा,” ते म्हणाले. “मला काय आता दिसतंय.” आणि काठी टेकत बांधाकडं गेले. आठ बायकांची दोन दिवसांची मजुरी वाचली. काड्या जास्त म्हणजे घड जास्त, असाही हिशोब मी मनात केला होता. रजा संपली, मी पुण्याला गेलो.

सप्टेंबरात, फळछाटणीच्या आधी, आमच्याकडं काड्या तपासायला देतात. बागेच्या वेगवेगळ्या भागांतून काड्या काढायच्या, वेगवेगळ्या पुड्या बांधायच्या आणि प्रयोगशाळेत न्यायच्या. तिथली मुलं प्रत्येक डोळा ब्लेडनं उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, की आत घड आहे का. त्यावरून छाटणी कितव्या डोळ्यावर घ्यायची ते ठरतं. याला डोळे तपासणी म्हणतात. चुलतभाऊ काड्या घेऊन गेला होता. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“दादा, खालचे डोळे रिकामे हायत. पाचव्या-सहाव्यापतोर कायच न्हाई. वर कुठंतरी एखादा.”

“सगळ्या पुड्यांत?”

“कडंच्या दोन वळींत बरं हाय. मधी सगळं वांझ.”

कडेच्या ओळींत बरं होतं, कारण तिथं बाजूनं ऊन शिरतं. मला फोनवरच सगळं समजलं. फक्त कसं झालं, ते समजलं नव्हतं.

एरवी एकरी दहा-अकरा टन निघायचा तो माल त्या फेब्रुवारीत चारावर थांबला. सोसायटीचं कर्ज थकलं. दुभती म्हैस विकली. आणि दिवाळीत व्हायचं ते आप्पांचं ऑपरेशन पुढं गेलं. “पीक निघू दे, मग बघू,” असं तेच म्हणाले. कुणी मला एक शब्द बोललं नाही. आप्पा तर नाहीच. उलट शेजारी विचारायचे त्यांना सांगायचे, “औंदा ढगाळ हवा हुती.” ढग होते, खरं आहे. पण ढग शेजाऱ्याच्या बागेवरही होते, आणि त्याची बाग बरी निघाली.

त्या हिवाळ्यात मी पुस्तकं काढून बसलो. उत्तर अवघड नव्हतं. उलट इतकं सोपं होतं, की लाज वाटली.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. माणसाच्या डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड सगळ्यात जास्त दिसतो, तांबडा आणि निळा कमी. म्हणून लक्समीटरच्या सेन्सरवर मुद्दाम तशी गाळणी बसवलेली असते, की त्यानंही हिरव्याला जास्त मोजावं. आणि पान? पान नेमकं उलटं. तांबडा आणि निळा उजेड पान खाऊन टाकतं, हिरव्यातला काही भाग सोडून देतं. म्हणून तर ते हिरवं दिसतं. मांडवाखाली जो उजेड उरतो, तो पानांनी खाऊन टाकलेला चोथा. पानाच्या कामाचं त्यातून निघून गेलेलं आणि माझ्या डोळ्याला दिसेल एवढं शिल्लक. माझं यंत्र तोच चोथा मोठ्या आवडीनं मोजत होतं.

उजेडाचे कण मोजणारं वेगळं यंत्र असतं, क्वांटम सेन्सर. पानाच्या कामाच्या तरंगलांबीतले, म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरमधले कण ते सारखेच मोजतं, रंगात भेद करत नाही. त्याचं एकक मायक्रोमोल. उघड्या उन्हात एका मायक्रोमोलला साधारण 54 लक्स पडतात. भर उन्हात मायक्रोमोल दोन हजारांच्या आसपास असतात. द्राक्षाच्या पानाचं पोट सातशेच्या सुमाराला भरतं. आणि द्राक्षाचं एक पान आपल्यावर पडलेल्या कामाच्या उजेडातला शंभरातला सहा भागच खाली सोडतं. दुसऱ्या पानाखाली त्या सहाचे पुन्हा शंभरातले सहा, म्हणजे अर्धा भागसुद्धा नाही. सहा टक्के म्हणजे सोळा आण्यांतला एक आणा. एका पानाखाली एक आणा, दोन पानांखाली काही नाही. आप्पा तीन आण्यांखाली फुटी काढायला का लावायचे, ते मी पुस्तकातून असं शिकलो.

खटकत होतं ते वेगळंच. आमच्या कामात येणाऱ्या सिलिकॉन सेन्सरच्या माहितीपुस्तिकांत लिहिलेलंच असतं, की हा उघड्या आकाशाखाली ताडलेला आहे, झाडाखाली किंवा काचघरात याचा आकडा धरू नये. मी ते वाचलेलं होतं. लोकांना समजावून सांगितलेलंही होतं. यंत्र ज्या उजेडात वापरायचं त्याच उजेडात ताडायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. पण स्वतःच्या बापासमोर उभा राहिलो तेव्हा धडा आठवला नाही. यंत्र हातात होतं, तेवढं पुरलं.

निघालेल्या मालाचे पैसे आले तेव्हा मार्चमध्ये मिरजेला आप्पांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा पुढच्या वेळी करू म्हणाले डॉक्टर. पट्टी निघाल्यावर आप्पा माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडं टक लावून बघायला लागले. “निळा सदरा हाय व्हय हा?” डॉक्टर हसले. म्हणाले, मोतीबिंदू पिवळसर असतो, इतकी वर्षं निळा रंग आत येतच नव्हता. आता येतोय, म्हणून जास्त वाटतोय. काही दिवसांनी सवय होईल. मी तिथं उभा राहून ऐकत होतो. त्यांच्याही डोळ्यावर गाळणी होती आणि माझ्या यंत्रावरही.

मे महिन्यात मी पुन्हा रजा काढली. या वेळी एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून क्वांटम सेन्सर चार दिवसांसाठी मागून आणला, ताडल्याचा दाखला बघून. आभाळ स्वच्छ होतं. सकाळी रानात मधोमध एक फळी मांडली, गवंडी वापरतात ती बुडबुड्याची पट्टी ठेवून खाली चिपा सारून ती सपाट केली. त्यावर दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी. आधी दोन्हींवर काळं फडकं झाकून शून्य बघितलं. मग अकरापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत. आप्पा जवळ येऊन उभे राहिले तसा मी म्हणालो, “जरा लांब व्हा, तुमच्या सदऱ्याचा उजेड पडतोय त्याच्यावर.” त्यांना ते फार आवडलं. “सदऱ्याचाबी मोजतंय?” म्हणत दहा पावलं मागं सरले आणि दोन तास तिथंच बसून राहिले.

उघड्यावर माझा लक्समीटर चोख निघाला. क्वांटम 1,900 दाखवत होता तेव्हा लक्स एक लाख अडीच हजार. भागाकार 54. पुस्तकात असतो तेवढाच. यंत्रात खोट नव्हती.

मग मांडवाखाली गेलो. एका जागी धरून भागत नाही, कवडशात धरलं तर राजा आणि सावलीत धरलं तर भिकारी. म्हणून पावलं मोजून वीस जागा ठरवल्या. प्रत्येक ठिकाणी सेन्सर ओलांड्यावर, खालच्या डोळ्यांच्या शेजारी, सपाट धरायचा. जिथं विरळणी झाली होती तिथं भागाकार साठ-पासष्ट आला. जिथं दाट होतं तिथं ऐंशी. म्हणजे गेल्या वर्षीच्या 9,600 ला 54 नं नाही, 80 नं भागायला हवं होतं. 120 मायक्रोमोल. एक आणा. टेबलाच्या एकोणीसपट उजेडात पान उपाशी होतं.

हे मी आप्पांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “एक आणा?”

“एकच.”

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “माझंबी बघ की मोजून.”

तेव्हा आम्ही तो उद्योग केला. वहीत तीन रकाने आखले. यंत्र, उजवा डोळा, डावा डोळा. त्या वीस जागांवर आप्पांना उभं करायचं. आधी डावा डोळा टोपीनं झाकून उजव्यानं कवडसे बघायचे आणि आणे सांगायचे, मग उजवा झाकून डाव्यानं. मी क्वांटमचा आकडा घ्यायचा, उघड्यावरच्या आकड्यानं भागायचा, सोळानं गुणायचा. एकमेकांना सांगायचं नाही. संध्याकाळी आईच्या समोर वही उघडली.

उजवा डोळा वीसपैकी सतरा ठिकाणी यंत्राच्या एका आण्याच्या आत होता. डावा, ज्यात अजून मोतीबिंदू होता, तो जवळजवळ सगळीकडं तीन आणेच सांगत होता. दाट ठिकाणी तीन, विरळ ठिकाणी तीन, फार तर साडेतीन. कवडसा आणि सावली त्याला एकात एक मिसळून दिसत होती.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं, तर दोन प्रकारची चूक आमच्यासमोर होती. लक्समीटर दाट सावलीत दीडपट सांगत होता, पण कुठं जास्त आणि कुठं कमी हे त्याला कळत होतं. अशा यंत्राला गुणक लावून वापरता येतं. डाव्या डोळ्याला सगळं सारखंच दिसत होतं. त्याला कुठलाच गुणक चालत नाही, त्याचं ऑपरेशनच करावं लागतं.

पण मग मला प्रश्न पडला. गेल्या वर्षी तर दोन्ही डोळे असेच होते. तरी काळोख झालाय, हे त्यांना कळलं कसं? मी विचारलं.

“डोळ्यानं कुठं कळलं,” आप्पा म्हणाले. “पायाला कळलं. पानी देऊन चार दीस झालं हुतं, तरी मांडवाखाली भुई गार हुती. ऊन खाली येत आसतं तर वाळली नसती व्हय? आन् काडी हातात घेतली तर पेरं लांबलेली, सालीवर रंग न्हाई, लुसलुशीत. उन्हातली काडी आशी आसती?”

“मग बोलला का नाही तेव्हा?”

“तू म्हनला डोळ्यांमुळं वाटतंय. मलाबी वाटलं, आसंल. एकदा डोळा गेला की मानूस पायावरबी इस्वास ठेवत न्हाई.”

आई चुलीपुढं होती. तिनं मागं वळून बघितलं नाही, पण भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

मी त्यांची माफी वगैरे मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ बायका लावल्या आणि स्वतः त्यांच्याबरोबर मांडवाखाली राहिलो. यंत्रानं दाखवलेल्या जागा मी सांगायचो, आप्पा अनवाणी पायानं पुढं जाऊन ‘हितंबी’ म्हणायचे. दोन दिवसांत बाग मोकळी झाली. दुपारी बारा वाजता खाली पसरलेल्या पोत्यांवर रुपयाएवढे कवडसे नाचायला लागले. त्या सप्टेंबरात चुलतभावाऐवजी मीच काड्या घेऊन गेलो. सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या पोरीनं मला बोलावून एक डोळा दाखवला. चिरलेल्या हिरव्या पदरांच्या मधे, एका बाजूला, कणभर पांढरट गोळा. “तिसऱ्या डोळ्यापासून घड आहे,” ती म्हणाली.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच दिवाळीत झालं.

त्यानंतर आप्पा नऊ वर्षं जगले. दर वर्षी मार्चमध्ये त्यांना मिरजेला डोळे दाखवायला न्यायचो, आणि पुण्याहून येताना लक्समीटर ताडून आणायचो. त्याच्या पाठीवर मी कागद चिकटवलाय. ‘उघड्यावर भागिले 54. विरळ मांडव 65. दाट मांडव 80.’ खाली तारीख. सेन्सरची पांढरी टोपी फवाऱ्यानं पिवळी पडते, आकडे सरकतात, म्हणून तारीख महत्त्वाची. शेजारचे दोघे-तिघे आता मे महिन्यात तो मागून नेतात. नेताना मी त्यांना सगळं समजावून सांगतो, आणि शेवटी म्हणतो, आधी चप्पल काढून मांडवाखाली एक फेरी मारा, मग यंत्र चालू करा. काहींना ती चेष्टा वाटते.

वही अजून कपाटात आहे. तीन रकान्यांची. शेवटच्या पानावर आप्पांनी त्या संध्याकाळी माझ्याकडून पेन घेऊन, मोठ्या वाकड्या अक्षरांत, उजव्या डोळ्याच्या रकान्याखाली लिहिलं होतं, ‘पास’. डाव्याच्या खाली, ‘नापास’. आणि माझ्या लक्समीटरसाठी रकाना नव्हता, म्हणून समासात त्याचं नाव लिहून पुढं, ‘पुन्हा बसवावा’.